शंका-समाधान : पाश्चात्य तत्त्वज्ञान वाचायचं, पण सुरुवात कुठून?

या वेळी आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरतात : पाश्चात्य तत्त्वज्ञान वाचायची इच्छा आहे, पण पहिलं पुस्तक कोणतं घ्यायचं? म्हणून हे सदर यंदा त्या एकाच विषयाला दिलं आहे. जागेअभावी पत्रं थोडक्यात घेतली आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

शंका : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. हाताशी वेळ आहे म्हणून बर्ट्रांड रसेल यांचा पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा जाडजूड इतिहास विकत आणला. थेल्सपासून ॲरिस्टॉटलपर्यंत नेटानं गेलो. पुढे प्लोटायनस, ऑगस्टिन, अक्वायनस आले आणि गाडी रुतली. आधीचंही आता आठवत नाही. इतिहास क्रमानं वाचून झाल्याशिवाय मूळ ग्रंथांना हात लावू नये, असं एका जाणकारांनी सांगितलं. हे खरं आहे का? – एक वाचक, सातारा

समाधान : नाही. इतिहास आधी आणि मूळ ग्रंथ नंतर हा क्रम अभ्यासक्रमाच्या सोयीचा असेल, नवख्या वाचकाच्या सोयीचा नाही. रसेल यांचं पुस्तक १९४५ साली आलं. ते खुसखुशीत आहे, आणि लेखकाच्या आवडीनिवडी त्यात उघड दिसतात. ज्याच्या ओळखीचे चार तत्त्वज्ञ आहेत त्याला ते वाचताना मजा येते. ज्याची कुणाशीच ओळख नाही, त्याला मात्र अनोळखी घरच्या लग्नाचा अल्बम चाळल्यासारखं होतं. चेहरे पुष्कळ, नावंही खाली लिहिलेली, पण पान उलटलं की सगळं पुसलं जातं.

याचं कारण असं की इतिहासाच्या पुस्तकात निष्कर्ष मिळतात. थेल्सच्या मते सगळ्याचं मूळ पाणी, पार्मेनिडीजच्या मते बदल हा आभास. कारणांशिवाय नुसता निष्कर्ष वाचला की तो विक्षिप्त वाटतो, आणि विक्षिप्त गोष्टी फार काळ लक्षात राहत नाहीत. तत्त्वज्ञान म्हणजे मतांची यादी नव्हे. कुणीतरी काहीतरी म्हणतो, दुसरा विचारतो ‘कशावरून?’, आणि पहिल्याला उत्तर द्यावं लागतं, त्या उलटतपासणीत खरं तत्त्वज्ञान घडतं. नवख्यानं थेट एखाद्या छोट्याशा वादात शिरावं.

तुम्ही प्लेटोचा ‘युथिफ्रो’ हा संवाद घ्या. इंग्रजीत तो वीसेक पानांत संपतो. प्रसंग असा : सॉक्रेटिसवर अधर्माचा आणि तरुणांना बिघडवल्याचा आरोप आहे, त्या खटल्याच्या कामासाठी तो न्यायाधिकाऱ्याच्या कचेरीपाशी आला आहे. तिथं त्याला युथिफ्रो भेटतो. हे गृहस्थ स्वतःच्या वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरायला आलेत! त्यांच्या शेतावरच्या एका मजुरानं दारूच्या नशेत घरच्या गुलामाला मारलं. वडिलांनी त्या मजुराला हातपाय बांधून चरात टाकलं आणि पुढे काय करावं हे विचारायला अथेन्सला माणूस पाठवला. तो परत येईपर्यंत मजूर थंडीनं आणि भुकेनं मेला. घरचे म्हणतात, बापावर खटला भरणं हा अधर्म. युथिफ्रो म्हणतो, धर्म काय नि अधर्म काय हे मला नेमकं कळतं.

सॉक्रेटिस त्याला एवढंच म्हणतो : मग मलाही सांग. युथिफ्रो आधी उदाहरण देतो. सॉक्रेटिस म्हणतो, उदाहरण नको, ज्यामुळे ती सगळी उदाहरणं धर्म्य ठरतात ते सांग. मग युथिफ्रो म्हणतो, देवांना आवडतं ते धर्म्य. पण देवांची तर आपसांत भांडणं! बरं, सगळ्या देवांना आवडतं ते. इथं सॉक्रेटिस तो प्रश्न टाकतो, ज्यावर आजही शोधनिबंध लिहिले जातात : एखादी गोष्ट धर्म्य असते म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून धर्म्य ठरते?

इथं पुस्तक मिटा आणि दोन्ही बाजूंनी विचार करा. आवडते म्हणून धर्म्य, असं म्हटलं तर उद्या देवांची मर्जी फिरली की क्रौर्यही धर्म्य ठरेल. मुळात धर्म्य असते म्हणून आवडते, असं म्हटलं तर धर्माचा आधार देवांच्या मर्जीबाहेर आला, आणि तो काय हे अजून सांगायचंच आहे. ‘देव’ या शब्दाच्या जागी ‘कायदा’, ‘समाज’ किंवा ‘बहुमत’ घालून पाहा, पेच तसाच राहतो. संवादाच्या अखेरीला युथिफ्रो घाईचं निमित्त सांगून निघून जातो, व्याख्या काही मिळत नाही. पण वीस पानांत तुम्ही एक युक्तिवाद अथपासून इतिपर्यंत पाहिलेला असतो. रसेलच्या पाचशे पानांतून हे मिळत नाही.

त्यानंतर ‘अपॉलॉजी’, म्हणजे इ.स.पू. ३९९ मधलं सॉक्रेटिसचं न्यायालयातलं भाषण, आणि ‘क्रिटो’, म्हणजे तुरुंगातून पळून जावं का यावरचा संवाद, अशी जोडी वाचा. एक गोष्ट शोधत वाचा : न्यायालयात सॉक्रेटिस म्हणतो की तत्त्वचर्चा सोडण्याच्या अटीवर तुम्ही मला मोकळं केलंत तरी मी ऐकणार नाही. तुरुंगात तोच म्हणतो की नगराचे कायदे मोडणं अन्याय्य आहे. या दोन्हींचा मेळ बसतो का? कसा बसतो ते तुमचं तुम्ही ठरवा. रसेल फेकू नका, कपाटात राहू द्या. पुढे कुणी भेटला की त्याच्यापुरतं प्रकरण काढून वाचा.

शंका : इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सोप्या परिचय-पुस्तकांवर माझा विश्वास नाही. थेट कान्टच्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ला हात घातला, ३० पानं झाली, काही कळलं नाही. म्हणून नीत्शेचं ‘झरतुष्ट्र’ घेतलं, ते भारी वाटलं. पण भारी का वाटलं हे सांगता येत नाही. मी चुकतोय का? – एक विद्यार्थी, पुणे

समाधान : मूळ ग्रंथच वाचायचा हा तुमचा हट्ट योग्य आहे, पण निवडलेले ग्रंथ तुम्हाला दाद देणारे नाहीत. कान्टचा ‘क्रिटिक’ १७८१ साली आला तेव्हा जर्मनीतल्या विद्वानांनाही तो झेपला नव्हता. म्हणूनच दोन वर्षांनी, १७८३ मध्ये, कान्टला त्याच विषयावर ‘प्रोलेगोमेना’ हे छोटं पुस्तक लिहावं लागलं. त्यात तो कबूल करतो की आपल्याला झोपेतून जागं केलं ते डेव्हिड ह्यूमनं. तेव्हा उलट्या पावलानं जा. आधी ह्यूमच्या १७४८ सालच्या ‘एन्क्वायरी कन्सर्निंग ह्यूमन अंडरस्टँडिंग’चं चौथं प्रकरण वाचा.

तिथं ह्यूमचा प्रश्न साधा आहे. बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आदळला की दुसरा हलतो, हे आपल्याला कशावरून कळतं? नुसत्या विचारानं नाही. कारण दुसरा जागच्या जागी थांबला किंवा पहिला उलट फिरला, अशी कल्पना करण्यात काहीच विसंगती नाही. मग अनुभवावरून? अनुभव तर झालेल्या गोष्टींचा. उद्याही तसंच होईल हे सांगायला ‘निसर्ग उद्याही आजसारखाच वागेल’ हे गृहीत धरावं लागतं, आणि त्याला पुरावा काय? आजवर तसं झालं आहे, एवढाच! म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. तुम्ही इंजिनिअर होणार आहात. प्रयोगशाळेत घेतलेल्या प्रत्येक वाचनाखाली हा प्रश्न दबलेला आहे. तो एकदा बोचला की कान्ट कशासाठी एवढा आटापिटा करतो ते कळायला लागेल. प्रश्न माहीत नसताना उत्तराची आठशे पानं वाचणं ही शिक्षाच.

नीत्शेचं म्हणाल, तर ‘झरतुष्ट्र’ ही त्याची काव्यमय, बायबलच्या शैलीची नक्कल करत लिहिलेली रचना आहे. तिच्यात घोषणा आहेत, कारणं फारशी नाहीत. त्यामुळे वाचणारा भारावतो आणि हाती काही राहत नाही. कारणं हवी असतील तर १८८७ चं ‘ऑन द जिनीऑलॉजी ऑफ मोरॅलिटी’ घ्या. त्यात तीन निबंध आहेत. पहिल्या निबंधात तो विचारतो की आपल्या नीतिमूल्यांना जन्म कुणी दिला, आणि त्यात त्यांचा कोणता फायदा होता. तिथं त्याला अडवता येतं, आणि अडवता येईल असाच नीत्शे वाचायच्या लायकीचा आहे.

शंका : प्लेटोच्या पुस्तकात समासात १७अ, १०अ असे आकडे असतात, ते पानांचे क्रमांकही नाहीत. ते काय आहेत? आणि भाषांतर कोणतं घ्यावं? – एक वाचक, अहिल्यानगर

समाधान : १५७८ साली आंरी एतिएन या मुद्रकानं प्लेटोची समग्र ग्रीक आवृत्ती काढली. लॅटिनमध्ये त्याचं नाव स्टेफानस. हे आकडे त्या आवृत्तीच्या पानांचे आणि पानातल्या विभागांचे आहेत. जगातल्या कुठल्याही भाषेतलं चांगलं भाषांतर ते समासात देतं. त्यामुळे तुमचं पुस्तक वेगळं आणि मित्राचं वेगळं असलं, तरी ‘युथिफ्रो, १०अ’ म्हटलं की दोघंही त्याच ओळीवर पोचता. ॲरिस्टॉटलसाठी बेकरच्या १८३१ च्या बर्लिन आवृत्तीचे आकडे वापरतात. भाषांतर विकत घेताना समासात हे आकडे आहेत का एवढं पाहा. नसतील तर ते पुस्तक अभ्यासाला नाही.

इंग्रजीत जोवेटचं एकोणिसाव्या शतकातलं भाषांतर फुकट मिळतं, पण त्याची भाषा जुनी आहे. ग्रूब यांचं ‘फाइव्ह डायलॉग्ज’ स्वच्छ आहे आणि त्यात वर सांगितलेले तिन्ही संवाद एकत्र आहेत.

शंका : मॅडम, घरातलं आवरून दुपारी मला तास-दीड तास मिळतो. देकार्तचं ‘मेडिटेशन्स’ वाचलं. वाचताना सगळं पटतं, दुसऱ्या दिवशी मात्र काय पटलं होतं तेच आठवत नाही. माझी स्मरणशक्ती कमी पडते का? – एक वाचक, डोंबिवली

समाधान : स्मरणशक्तीचा यात दोष नाही. ‘वाचताना सगळं पटतं’ इथंच सगळं अडलंय. देकार्त फार गोड बोलणारा लेखक आहे, आपण माना डोलावत जातो. एक वही करा. दर बैठकीला तीनच नोंदी : त्याचं म्हणणं काय, त्यासाठी कारण काय दिलंय, आणि मी त्याला कुठं अडवीन. तिसरी नोंद रिकामी ठेवून पुढचं पान उलटायचं नाही. दीड तासात चार पानं झाली तरी पुष्कळ.

सहाव्या ‘मेडिटेशन’वर हे करून पाहू. म्हणणं : मन आणि शरीर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कारण : मी विचार करणारा आहे, पण जागा व्यापणारा नाही, असं मला स्वतःबद्दल स्पष्टपणे कल्पिता येतं, शरीर जागा व्यापतं, पण विचार करत नाही. शिवाय शरीराचे तुकडे होतात, मनाचे होत नाहीत. आता तिसरी नोंद. मला वाटलं की माझा हात वर जातो. मग जागाच न व्यापणारी वस्तू जागा व्यापणाऱ्या वस्तूला ढकलते कशी?

ही शंका तुमच्या मनात आली असेल तर तुम्ही चांगल्या सोबतीत आहात. मे १६४३ मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं देकार्तला पत्र लिहून हेच विचारलं. ती तेव्हा २४ वर्षांची होती, तिचं घराणं राज्य गमावून हेगला आश्रयाला होतं. तिचा मुद्दा असा की ढकलायचं म्हणजे स्पर्श हवा, स्पर्शाला आकार हवा, आणि तुम्ही तर आत्म्याला आकार नाही म्हणता. देकार्तनं वजनाचं उदाहरण देऊन उत्तर दिलं : वजन वस्तूला खाली ओढतं तेव्हा एक पृष्ठभाग दुसऱ्याला ढकलतो असं आपण मानत नाही ना? तिचं समाधान झालं नाही. पुढच्या महिन्यात तिनं लिहिलं की निराकार वस्तू शरीराला हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाही विस्तार आहे असं मानणं मला सोपं जाईल. त्यांचा पत्रव्यवहार १६५० मध्ये देकार्त वारला तोवर चालू होता.

देकार्तनं स्वतः १६४१ मध्ये पुस्तक छापताना हॉब्ज, आर्नो, गासांदी अशा विद्वानांचे आक्षेप आणि त्यांवरची आपली उत्तरं त्यातच छापली होती. म्हणजे ते पुस्तक मुळात भांडत वाचायचं म्हणूनच बांधलेलं आहे. तुमच्या आवृत्तीत आक्षेप गाळले असतील तर तुम्हाला अर्धंच पुस्तक मिळालं. एलिझाबेथची पत्रं आणि ‘मेडिटेशन्स’ शेजारी-शेजारी ठेवून वाचा. ज्या बैठकीत तुम्ही देकार्तला अडवाल, ती दुसऱ्या दिवशीही आठवेल.

शंका : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. इंग्रजी वाचतो, पण तत्त्वज्ञानाचं इंग्रजी जड जातं. मराठीत सुरुवात करता येईल का, की इंग्रजीवाचून गत्यंतर नाही? – एक वाचक, नांदेड

समाधान : येते, आणि बरीच मजल मारता येते. ग. ना. जोशी यांचा ‘पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा इतिहास’ तीन खंडांत आहे. मे. पुं. रेगे यांचा ‘पाश्चात्य नीतिशास्त्राचा इतिहास’ त्याहून आटोपशीर. रेगे यांचं मराठी इतकं घोटीव की एखादा युक्तिवाद मराठीत कसा मांडावा याचा तो वस्तुपाठच ठरावा. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’, १९७४ चे तीन खंड, मोठ्या वाचनालयात मिळेल. ‘मराठी विश्वकोशा’तल्या प्लेटो, ह्यूम, कान्ट यांच्यावरच्या नोंदी आता फुकट वाचता येतात. प्लेटोचं ‘रिपब्लिक’ तर इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठीत आणलं होतं.

सातारच्या वाचकांना दिलेला सल्ला मात्र तुम्हालाही लागू आहे : ही पुस्तकं सलग वाचू नका. एक तत्त्वज्ञ ठरवा, त्याच्यावरची मराठी नोंद वाचा, प्रश्न समजून घ्या, आणि लगेच त्याच्या मूळ पुस्तकातली दहा पानं इंग्रजीत काढा. काय चाललंय हे आधी माहीत असलं की इंग्रजी तितकं जड जात नाही. शिवाय देकार्त, ह्यूम, मिल यांच्यासाठी एक सोय आहे. जोनाथन बेनेट या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या अभ्यासकानं हे जुने ग्रंथ आजच्या सोप्या इंग्रजीत नव्यानं मांडले, लांबलचक वाक्यं तोडली, संदिग्ध जागी खुलासे घातले आणि सगळं फुकट उपलब्ध करून दिलं. शुद्धतेचा सोस असलेले नाकं मुरडतात. तुम्ही खुशाल वापरा.

शंका : माझं वय ७२. आयुष्यभर ज्ञानेश्वरी आणि लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ वाचत आलो. आता या वयात पाश्चात्यांचं नव्यानं काय वाचायचं? आपल्याकडे काय कमी आहे? – एक वाचक, रत्नागिरी

समाधान : कमी-जास्ताचा हिशोब बाजूला ठेवू. पण ‘गीतारहस्य’ आयुष्यभर वाचलंत म्हणजे पाश्चात्यांशी तुमची ओळख केव्हाच झाली आहे! मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात हॉब्ज, मिल, स्पेन्सर, कान्ट, ग्रीन यांच्याशी टिळकांचा वाद पानोपानी चालला आहे. त्यातलं चौथं प्रकरण, ‘आधिभौतिक सुखवाद’, पुन्हा काढा. या वेळी मात्र प्रतिपक्षाच्या बाजूनं वाचा.

पुष्कळांचं पुष्कळ सुख ज्यात, ते कर्म चांगलं, या मताचा टिळक तिथं समाचार घेतात. माणसं नुसती मोजायची म्हटली तर कौरवांच्या अकरा अक्षौहिणी आणि पांडवांच्या सातच, हा त्यांचा टोला तुम्हाला आठवत असेल. त्यांचा खरा आक्षेप असा की बाहेरचा परिणाम मोजून कर्माची नीतिमत्ता ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते. आता मिलचं ‘युटिलिटेरिॲनिझम’ घ्या. हे १८६१ मध्ये मासिकातून आणि १८६३ मध्ये पुस्तकरूपानं आलं. त्याचं दुसरं प्रकरण वाचा. मिलला हा आक्षेप ठाऊक आहे. तो म्हणतो, बुडणाऱ्याला जो वाचवतो तो योग्यच वागतो, मग त्यानं ते कर्तव्य म्हणून केलेलं असो की बक्षिसाच्या आशेनं. हेतूवरून माणसाची लायकी कळते, कृत्याची योग्यता नव्हे. मग कान्टच्या १७८५ मधल्या ‘ग्राउंडवर्क’चं पहिलं प्रकरण. तिथं एक दुकानदार आहे, तो अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही. पण धंद्याची पत राहावी म्हणून तो असं वागत असेल तर त्याच्या वागण्याला नैतिक मोल नाही, असं कान्ट म्हणतो.

टिळक कान्टच्या बाजूला झुकतात हे तुम्हाला दिसेलच. माझा प्रश्न पुढचा आहे : मिलनं कृत्य आणि कर्ता यांत जो भेद केला, त्याचं पुरेसं उत्तर टिळकांच्या प्रकरणात मिळतं का? ‘गीतारहस्या’ची पारायणं केलेल्या माणसाकडूनच मला त्याचं उत्तर हवं आहे.

शंका : आमचं वाचन मंडळ आहे. बाबासाहेबांवर जॉन ड्युईचा प्रभाव होता असं सगळेच सांगतात. ड्युई कुठून वाचावा? एकत्र वाचायची पद्धत काय ठेवावी? – एक वाचन मंडळ, नागपूर

समाधान : १९१३ ते १९१६ या काळात डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात होते, ड्युई तिथं शिकवत होते. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेब त्यांचा आपले शिक्षक म्हणून कृतज्ञतेनं उल्लेख करतात. ‘प्रभाव होता’ असं मोघम म्हणण्यापेक्षा तो कुठं दिसतो ते मंडळात समोर ठेवून पाहता येईल.

ड्युईच्या १९१६ मधल्या ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’चं सातवं प्रकरण घ्या. लोकशाही ही नुसती राज्यपद्धती नसून एकमेकांच्या सोबतीनं जगण्याची रीत आहे, हा विचार तिथं आहे. वरचे आणि खालचे असे वर्ग पडले की समाजातला ‘सोशल एन्डॉस्मोसिस’, म्हणजे आतल्या आत होणारी देवाणघेवाण, थांबते हेही तिथंच आहे. हे दोन्ही ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातीच्या संदर्भात कसं येतं ते शोधा.

याच सातव्या प्रकरणात ड्युई प्लेटोवर टीका करतात. ‘रिपब्लिक’मध्ये माणसांचे तीन वर्ग आहेत, तिसऱ्या पुस्तकात तर सोनं, चांदी आणि लोखंड-पितळ यांची कथा सांगून ते वर्ग लोकांच्या गळी उतरवायचे असं सुचवलं आहे. ड्युई म्हणतात, माणसामाणसांतलं वेगळेपण तीन कप्प्यांत मावत नाही. बाबासाहेब चातुर्वर्ण्याची तुलना प्लेटोच्या याच योजनेशी करतात आणि त्याच मुद्द्यावर दोन्ही नाकारतात. म्हणजे मंडळाला तीन पुस्तकांतली मिळून शंभरेक पानं पुरतील : ‘रिपब्लिक’चा तो भाग, ड्युईंचं सातवं प्रकरण आणि ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. ही पानं दोन-तीन महिने सावकाश चालवा.

पद्धत अशी ठेवा : दर बैठकीला एकानं प्लेटोची वकिली करायची, आणि ती मनापासून करायची. प्लेटोच्या वर्गवारीत जन्माला शेवटचा शब्द नाही, लोखंडाच्या पोटी सोनं निपजलं तर त्याला वर घ्यावं असं तो म्हणतो, हे वकिलानं पुढे आणलंच पाहिजे. मग बाबासाहेबांचं उत्तर त्यालाही पुरतं का ते पाहा. सगळ्यांचं आधीच एकमत असलेली बैठक आदरांजलीची सभा होते. तिथं वाचन होत नाही.

शंका : हल्ली मोबाइलवर सगळीकडे स्टोइक विचार दिसतात. मार्कस ऑरेलियसचं ‘मेडिटेशन्स’ रोज सकाळी एक पान वाचतो. यालाच तत्त्वज्ञानाचा अभ्यास म्हणायचं का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

समाधान : मनाला धीर येत असेल तर जरूर वाचा. मात्र ते पुस्तक रोमन सम्राटानं स्वतःला बजावण्यासाठी ग्रीकमध्ये केलेलं टिपण आहे. ज्या सिद्धान्तांवर ते उभं आहे ते त्याला आधीच मान्य होते, म्हणून तो त्यांची कारणं देत बसत नाही. कारणं हवीत तर एपिक्टेटसकडे जा. हा जन्मानं गुलाम, पुढे निकोपोलिसला शिक्षक झाला. त्याचा शिष्य एरियन यानं त्याची प्रवचनं लिहून ठेवली. काय आपल्या हाती आहे आणि काय नाही, हा भेद त्याच्या शिकवणीचा पाया. वाचताना एक शंका हाताशी ठेवा : दुसऱ्यावर होणारा अन्यायही ‘माझ्या हाती नाही’ म्हणून सोडून द्यायचा का? मोबाइलवरचा स्टोइक हा प्रश्न सहसा विचारत नाही.

शंका : आम्ही न्यू जर्सीत राहतो. पंधरा वर्षांची मुलगी ‘हे सगळं स्वप्न नाही कशावरून?’ असलं काही विचारत असते. तिला काय द्यावं? – एक आई

समाधान : योस्तेन गार्डर यांची ‘सोफीज वर्ल्ड’ ही १९९१ ची नॉर्वेजियन कादंबरी अनेकजण सुचवतील. नायिकाही त्याच वयाची आहे. कथा आवडणारी मुलगी असेल तर द्या. पण तिचा प्रश्न पाहता मी आधी थॉमस नेगेल यांचं १९८७ सालचं ‘व्हॉट डझ इट ऑल मीन?’ देईन. शंभरेक पानांत नऊ प्रश्न आहेत, तत्त्वज्ञांच्या नावांची आणि सनावळ्यांची गर्दी नाही. पहिलाच प्रश्न तुमच्या लेकीचा आहे : माझ्या मनाबाहेर काही आहे हे मला कळतं कसं? नेगेल उत्तर हातात देत नाहीत, प्रत्येक पळवाट बंद करत जातात. तिच्यासोबत तुम्हीही वाचा, आणि ‘मोठी झालीस की कळेल’ हे वाक्य तेवढं टाळा. या प्रश्नात वयानं मोठं असल्याचा काही फायदा नाही.

शंका : स्पष्टीकरण नको, यादी द्या. वर्षभर पुरेल अशी, लहान पुस्तकांची. – एक वाचक, नाशिक

समाधान : यादी देते, स्पष्टीकरणही थोडं सोसा.

१. प्लेटो : युथिफ्रो, अपॉलॉजी, क्रिटो.
२. देकार्त : मेडिटेशन्स, एलिझाबेथच्या १६४३ मधल्या पत्रांसह.
३. बर्कली : थ्री डायलॉग्ज, १७१३. संवादरूपात आहे. जडवस्तू मुळात नाहीच, असं म्हणणाऱ्याला खोडून काढणं किती अवघड असतं ते अनुभवा.
४. ह्यूम : एन्क्वायरी, प्रकरणं दोन ते पाच.
५. कान्ट : ‘प्रबोधन म्हणजे काय’ हा १७८४ चा काही पानांचा लेख, आणि ‘ग्राउंडवर्क’चं पहिलं प्रकरण.
६. मिल : ‘ऑन लिबर्टी’, १८५९, दुसरं प्रकरण.
७. रसेल : ‘प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी’, १९१२. त्यांच्या जाड इतिहासापेक्षा हे कितीतरी पटीनं उपयोगी.
८. सिमोन द बोव्हार : ‘द सेकंड सेक्स’, १९४९, फक्त प्रस्तावना. आजवरच्या यादीतले सगळे ‘माणूस’ म्हणताना कुणाला धरत होते, हे ती विचारते.

क्रम कालानुसार दिसतो, पण तो तसा लावलेला नाही. ह्यूमला बर्कली माहीत आहे, कान्टला ह्यूम टोचलेला आहे. पुढच्याचं पुस्तक मागच्याच्या अडचणीतून निघतं म्हणून क्रम असा आला. एखादं पुस्तक नाहीच जमलं तर सोडून पुढे जा, पण मिलचं ते प्रकरण सोडू नका. ज्याला प्रतिपक्षाची उत्तम बाजू मांडता येत नाही, त्याला स्वतःची बाजूही धड कळलेली नसते, हे तो तिथं दाखवतो. वर्ष संपल्यावर मला पत्र पाठवाल तेव्हा कोणतं पुस्तक आवडलं ते कळवू नका. कोणत्या लेखकाशी तुमचं पटलं नाही, कोणत्या पानावर आणि का, तेवढं लिहा.